उलटा चालणारा बँडमास्तर

बसा. पण आधी सांगा, तुमाले कोणी पाठवलं? महादेवनं? खोटं बोलू नोका, भाऊ. खादीची टोपी घातली म्हणजे माणूस खरंच बोलते, असं मी मानत नाही. या इतवाऱ्यात भाजी विकता विकता माहे केस पांढरे झाले. वांग्याच्या देठाखाली कीड आहे का नाही, हे मले बोट न लावता समजते. माणसाचं नाही समजत. म्हणून कोणावरच भरोसा नाही ठेवत. दूधवाल्यावर नाही, तराजूवर नाही, जोश्यावर तर नाहीच नाही. माही सासू मरताना म्हणाली होती, "मैना, तू यमावरही संशय घेशीन." घेईन ना बाप्पा! तोही चुकून दुसऱ्याच्या घरी शिरू शकते.

महादेव म्हणाला, वैनीले विचारा? अरे वा. बरं, ते मागून पाहू.

तर त्याचा सत्कार करून राहिले तुमी. आपलं मंत्रिमंडळ आलं, आता तीस सालच्या लोकायले हुडकून हुडकून हार घालणं चालू आहे. घाला. हार माह्याकडूनच न्या, शेवंती ताजी आहे. पण या गावानं तेव्हा त्याच्यासंगं काय केलं, ते तुमच्या भाषणात येईन का? खाली काहून पाहता? ऐका मंग. अन् मधात बोलू नोका.

महादेव उमाळे माहा धाकटा दीर. शालूच्या बाबाचा सख्खा भाऊ. शालू माही लेक. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तुमाले माहीत असन. लग्नाच्या उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणून मी शालूचे बाबा, शालूचे बाबा म्हणत जाईन, तुमी समजून घ्या.

बडनेऱ्याच्या रस्त्याले आमचा मळा. मी लग्न होऊन आली तेव्हा महादेव मोट हाकत होता. मोट पाहिली ना तुमी? का शहरातलेच? बैल धावेच्या उतारावरून खाली जातात, भरलेली मोट वर येते, पाणी पाटात पडते. मंग बैलायले उलट्या पावलानं पुन्हा विहिरीपर्यंत आणावं लागते. हाकणारा त्यायच्या मागं, कासरा धरून, तोही उलटाच चालते. पाठ विहिरीकडे. एक पाऊल जास्तीचं पडलं का थेट पाण्यात. महादेव मागं पाहतच नसे. गाणं म्हणत उलटा यायचा अन् काठावर बरोबर थांबायचा. माहा तर जीव वरखाली होई. मी म्हणे, "भाऊजी, एखाद्या दिवशी तुमाले गळ टाकून काढा लागन." तो हसे. "वैनी, पायाले समजते."

त्याचा मामा कामठीच्या छावणीत साहेबायच्या बागेत माळी होता. त्यानं महादेवले तिकडे नेलं, गुलाबाले पाणी घालायले. तथी गोऱ्या पलटणीचा बँड होता, अन् त्या बँडचा मास्तर एक गोव्याचा म्हातारा किरिस्ताव. महादेव खिडकीखाली गुलाब लावे अन् खिडकीतून आत पाहे. मले त्यानं नंतर सांगतलं, एकदा नाही, शंभरदा सांगतलं असन. आत पन्नास माणसं खुर्च्यायवर बसेल. कोणाजवळ सारंगीच्या बहिणी, कोणाजवळ पितळी भोंगे, एकाजवळ तर त्याच्याहून मोठा ढोल. अन् सगळ्यायच्या पुढं तो म्हातारा, हातात एक काडी. "वैनी, त्यानं काडी उचलली ना, तर पन्नास माणसायनं एकाच वेळी श्वास घेतला. वाजलं काहीच नव्हतं अजून. नुसता श्वास. माह्या हातातली झारी सुटली."

मी म्हटलं, "तो म्हातारा काय वाजवे?"

"काहीच नाही."

"मंग त्याले ठेवला कशाले होता?"

माह्या या प्रश्नावर महादेव जो हसला आहे! पण भाऊ, प्रश्न चुकीचा नव्हता. पुढं साऱ्या वऱ्हाडानं त्याले हाच विचारला.

कामठीले तो लय वर्ष राहिला. आधी वाद्यं पुसली, मंग कागदावरचे सूर वाचायची ती खुणांची लिपी शिकला, मंग झांज, मंग ढोल. म्हातारा थकला तेव्हा सरावाले काडी महादेवच्या हातात देई. मोठ्या कार्यक्रमाले मात्र नाही. काळ्या माणसाच्या काडीवर गोरे कसे वाजवतीन? म्हातारा गेला तसा महादेव पेटी घेऊन अमरावतीले परत आला. पेटीत दोन कपडे अन् ती काडी. शिसवीची होती, बुडाशी चांदीची टोपी. मी आधी पाहून घेतलं, छावणीतून चोरून तर नाही आणली? नाही म्हणे, मास्तरनं मरताना दिली. बरं.

आल्यावर त्यानं माळीपुऱ्यातले भाजीवालेच गोळा केले. लग्नसराईत मळ्याचं काम कमी, लोक रिकामेच बसत. ढोलावर केशवराव, आमच्यातले वडीलधारे, आवाज ढोलासारखाच. बाकी कोणी क्लारनेट, कोणी झांज. अन् कारनेट, म्हणजे ते आखूड पितळी बिगुल, ते शालूच्या बाबाकडे. गळा चांगला होता त्यायचा, फुंकही मोठी. लिपी एकालेही येत नव्हती. म्हणून महादेवनं काय केलं, त्यायच्याकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यानं, भिवईनं, काडीनं सांगे. आता तू, आता तू नाही, हळू, आणखी हळू, हां, उठ आता! उभं राहून हे ठीक आहे. पण वरात तर चालते ना? मंग महादेव वरातीच्या पुढं उलटा चालू लागला. अंबागेटपासून इतवाऱ्यापर्यंत, गाय आडवी येवो का खड्डा, मागं वळून नाही पाहणार. मोटेवरचे पाय ते.

लोक हसले. लहान लेकरं त्याच्या वहाणा पाहत, पाय उलटे तर नाहीत म्हणून. परतवाड्याच्या एका लग्नात वरमायनं अडवलं. म्हणे या माणसानं काडी हालवली का पितळ किंचाळते, ही करणी आहे, काडी मांडवात आणायची नाही. किती समजावलं, ऐकेचना. बरं, महादेव वाद घालणारा नाही. स्वयंपाकाच्या ढिगातून त्यानं एक शेवग्याची शेंग उचलली अन् तिच्यावर अख्खी वरात वाजवली. वरमाय खूश. शेंगेवर कोणी करणी करते का? मी पोट धरून हसली होती.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. शालूचे बाबा थोरले होते. लोक चिडवत, "काय गा, धाकट्याच्या काडीवर नाचते काय?" ते हसण्यावारी नेत. घरी आल्यावर कारनेट खुंटीले टांगत अन् पाणी न मागता झोपून जात. मी म्हटलं, दमले असतीन. बाकी दुनियेवर संशय घेणारी मी, घरात मात्र दमलेत म्हटलं अन् चादर टाकली.

मंग आलं तीस साल.

जंगल सत्याग्रह तुमाले सांगायची गरज नाही. सरकारी जंगलात जायचं, गवत कापायचं, पकडून घ्यायचं स्वतःले. तुकडी निघाली का गाव तिले वेशीपर्यंत पोचवायले जाई. महादेव म्हणाला, लग्नात वाजवतो तर इथं काहून नाही? बँड पुढं, तुकडी मागं, अन् तिच्या मागं सारा गाव. त्या मिरवणुकीत असेही लोक येत ज्यायनं यायले नाही पाहिजे होतं. कचेरीतला कारकून, सरकारी शाळेतला मास्तर. डोक्यावरून उपरणं घेऊन, तोंड झाकून, मधात शिरून चालत. पकडून घ्यायची हिंमत नव्हती बिचाऱ्यायची, पण मन राहत नव्हतं.

पहिल्या मिरवणुकीनंतर तो कारकून कामावरून गेला. दुसऱ्यानंतर एका दलालाच्या घरी झडती झाली. झाकलेली तोंडं पोलिसायले कशी समजली? साऱ्या माळीपुऱ्यात कुजबुज. कोणीतरी नावं सांगते. कोण? जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. पानाच्या ठेल्यावर मी गेली तर बोलणं बंद. विहिरीवर गेली तर बंद. मलेही सगळ्यायवर संशय होता. न्हाव्यावर होता, देवळातल्या गुरवावर होता, केशवरावावरही होता. ढोलामागं लपून माणूस काय पाहत असन कोण जाणे!

मंग कोणीतरी म्हणालं, "मिरवणुकीत सगळे पुढं पाहतात. आपल्या तोंडाकडे पाहत चालणारा एकच माणूस आहे."

झालं. एवढ्या एका वाक्यानं सगळं बसलं जागेवर. छावणीत राहेल. गोऱ्यायचं मीठ खाल्लेला. काही वाजवत नाही, नुसता पाहते. ज्यायनं त्याच्या काडीवर पोरापोरींची लग्नं वाजवून घेतली तेच म्हणत, उलट्या पायाचा तो, सरळ कसा असन?

दुसऱ्या दिवसापासून माह्या वांग्याले कोणी हात लावेना. माणिकबाई, माह्या बाजूले बसणारी, तिनं आपली पथारी सरकवून घेतली. वरून म्हणे, "मैना, तो पोलीस चौकीचा जमादार माह्याकडून रोज फुकटची मेथी नेते. तुह्याकडून काहून नेत नाही आताशा?" खरं होतं ते. फुकट्या जमादार महिनाभर झाला माह्याकडे पाहतही नव्हता. मी समजत होती, माह्या जिभेले भ्याला. माणिकबाईले मी त्या दिवशी असं काही सुनावलं, का इतवाऱ्यातले बैल मान वर करून पाहू लागले. पण रात्रभर डोळा नाही लागला. जमादार कोणालेच भीत नाही, मंग माह्याच जिभेले काहून भ्याला?

मारुतीच्या पारावर महादेवले बोलावलं. त्यानं बेलभंडार उचलला. बेलाचं पान अन् हळद हातात घेऊन देवासमोर सांगतलं, माह्या तोंडून एक नाव गेलं नाही. ताट कोणी समोर धरलं होतं? शालूच्या बाबानं. थोरला भाऊ म्हणून. पण लोक कुठं मानतात! छावणीत कोणाच्याही पंक्तीले बसला असन, याच्या बेलभंडाराचा काय भरोसा?

तेव्हा महादेव बोलला. "माहे डोळे बांधा. परवाची मिरवणूक मी डोळे बांधून नेतो. मंग तर झालं?"

साऱ्यायले पटलं. पटणार नाही तर काय, तमाशा होता ना. परवा तिसऱ्या प्रहरी पारावर मुंगी शिरायले जागा नाही. पट्टी शालूच्या बाबानंच बांधली, आपल्या उपरण्याची, दोन गाठी मारून. महादेवनं काडी उचलली. अन् भाऊ, त्यानं कामठीचं सांगतलं होतं ते मले त्या दिवशी दिसलं. बारा भाजीवाल्यायनं एकदम श्वास घेतला.

मी रस्त्याच्या कडंकडंनं चालत होती. डोळे बांधेल, पाठ पुढं, अन् चाल कशी, तर मोटेवरचीच. अंबागेटचं वळण आलं. तो अलगद वळला. नालीजवळ थांबला, पायानं काठ चाचपला, ओलांडून गेला. लोक ओरडले, वाहवा! मलेही रडू आलं. इतका अभिमान मले आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.

मंग चिंचेजवळ काहीतरी झालं. त्याची काडी हवेतच थांबली, एका क्षणापुरती. मान एका बाजूले झाली. पुन्हा चालू. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा तसंच. मी पाहिलं, त्याचं तोंड उतरलं. ते घामानं नाही, उन्हानंही नाही. वेशीवर पट्टी सोडली तेव्हा लोकायनं त्याले खांद्यावर घ्यायले हात पुढं केले, तर हा म्हणाला, "मले जाऊ द्या." अन् मळ्याकडे चालता झाला. सरळ चालत होता, पण पाय ओढत.

दोन दिवसात त्या शाळामास्तरले नोकरीवरून काढलं. तोच, उपरण्यात तोंड झाकून आलेला.

तुमी म्हणसान, महादेव सुटला! डोळे तर बांधेल होते. मीही तेच म्हणून राहिली होती. पण संशयाचं असं आहे, तो घरात शिरला का पाहुण्यासारखा जात नाही. कोणीतरी म्हणालं, पट्टीखालून खालचं दिसते. दुसरा म्हणाला, दिसल्याशिवाय नाली कशी ओलांडली? त्यानं जे चांगलं केलं होतं, तेच त्याच्या गळ्यात आलं. काडी काढून घ्यायचं ठरलं. अन् द्यायची कोणाले? शालूच्या बाबाले. घरातच राहीन, थोरला आहे, कारनेट येते.

केशवराव काडी मागायले घरी आले. मी दारात उभी राहून शिव्याच देणार होती. पण महादेवनं आतून काडी आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली अन् दिली. एक शब्द नाही. भाऊ, एका सुरासाठी हा माणूस केशवरावासारख्या बुढ्याले चौकात उभं करे. त्याची काडी, त्याच्या मास्तरची, त्याचं अख्खं आयुष्य, अन् एक शब्द नाही?

इथं माह्या मनात पाल चुकचुकली.

शालूचं पातूरले जमलं होतं तेव्हा, घरात लग्नाची गडबड; तशीच मी भाकर घेऊन मळ्यात गेली. तो धावेवर बसून होता.

"भाऊजी, तुमाले काही माहीत आहे."

"काही नाही वैनी."

"चिंचेजवळ काडी काहून थांबली?"

त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. मंग म्हणाला, "डोळे बांधले का कान मोठे होतात. पितळेचं तोंड ज्या बाजूले, आवाज त्या बाजूले जाते. समोर वाजणाऱ्याचा आवाज माह्या छातीवर येते. कोणी वाजवता वाजवता मागं वळलं, तर तो आवाज माह्यापासून दूर जाते. एवढंच. बाकी दिवशी कोणी वळत नाही, मी पाहत असतो ना. त्या दिवशी माहे डोळे बांधेल होते."

"कोणाचा आवाज दूर गेला?"

त्यानं भाकर पुन्हा फडक्यात बांधली. म्हणाला, "पातूरवाल्यायनं तारीख काढली का? शालूचं लग्न होऊन जाऊ द्या वैनी. काडीचं काय, काडी कोणाच्याही हातात चालते."

मी कोणाचं विचारलं, अन् हा शालूचं काहून काढते? एवढं बोलून तो मोटेकडे उठून गेला, अन् मी तिथंच बसून राहिली. जगात एकाच माणसासाठी महादेव आपली काडी सोडीन. अन् मले आता दिसू लागलं. कडेनं चालताना मी पाहिलं होतं, माह्या डोळ्यानं पाहिलं होतं, चिंचेजवळ कारनेटचं पितळ गर्दीकडे चमकलं होतं. मले वाटलं होतं, मलेच पाहून राहिले आपले! लाजली होती मी, या वयात. आधीच्या मिरवणुकीत वेशीवर गर्दी मोडताना पाहून घेत असतीन. अन् तो जमादार, ज्यानं माही मेथी सोडली होती. माह्या जिभेले भिऊन नाही. आपल्या माणसाच्या घरची भाजी फुकट न्यायची नसते, एवढी रीत त्यालेही होती.

संशय नाही राहिला, भाऊ. पहिल्यांदा आयुष्यात मले एखाद्या गोष्टीची खात्री होती, अन् तेव्हा वाटलं, संशय बरा होता.

शालू घरात हळदीचे कपडे शिवत बसली होती. पातूरचं घर मोठं, पोरगा देखणा, माह्या लेकीनं त्याले एकदाच पाहिलं अन् तेव्हापासून गाणं गुणगुणत होती. मी चूप बसली तर तिचं लग्न होते. महादेव खबऱ्या म्हणून मरते, एवढंच. तो स्वतः तयार होता. मी चुलीपुढं बसून रडली, खोटं कशाले सांगू? शालूचे बाबा जेवायले बसले, काडी बाजूले ठेवून. काडीच्या चांदीच्या टोपीले चिंच लावून घासून आणली होती त्यायनं. चकचकीत. ती पाहिली अन् माहं रडू जागच्या जागी आटलं.

पुढच्या तुकडीच्या दिवशी पारावर सगळे जमले. हारतुरे, घोषणा. शालूचे बाबा काडी घेऊन समोर उभे. मी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन मधात घुसली अन् टोपली पाराच्या पायरीवर आदळली.

"थांबा! नावं कोण सांगते ते मले माहीत आहे. महादेव नाही."

केशवराव म्हणाले, "मैनाबाई, घरी जा. दिराची कड कोण घेत नाही?"

"कड नाही घेत. ज्याच्या नावाचं कुंकू लावतो, तो आहे."

साऱ्यायच्या माना त्यायच्याकडे वळल्या. पण केशवराव पक्के. ते म्हणाले, "असं नाही चालत. ज्याच्यावर आळ घ्यायचा, त्याचं नाव घे. सगळ्यायसमोर. नाही तर बाईचा राग म्हणून सोडून देऊ."

नाव घे म्हणे. लग्नात घेतलं होतं तेव्हा सासूबाई, नणंदा, सगळ्या हसत होत्या, माह्या तोंडात साखर होती. तेव्हापासून एकदा नाही घेतलं. बाळंतपणात जीव जाऊन राहिला होता तेव्हाही नाही. जीभ उचलेना. समोर ते उभे, माह्याकडे पाहत होते, अन् त्यायच्या डोळ्यात मले दिसलं, त्यायची खात्री होती. ही काही घेणार नाही.

"वामन," मी म्हटलं. "वामन उमाळे. माहा नवरा. पारावर बेलभंडार आहे, उचलायले सांगा त्याले."

महादेवपुढं ज्यानं ताट धरलं होतं, त्याच्यापुढं केशवरावानं ताट धरलं. हात नाही उठला.  शालूचे बाबा एवढंच बोलले, "थोरला मी आहो. जमादार म्हणाला, तो हटला का काडी तुह्याच हातात येईन." अन् काडी खाली पडली.

कोणीतरी मळ्यात धावत गेलं असन. महादेव चिखलाच्या पायानं आला. मले वाटलं होतं, निदान हात जोडीन. तो माह्यासमोर उभा राहिला अन् म्हणाला, "शालूचं घर मोडलं तुमी. मी सांभाळलं होतं, तुमी मोडलं." त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मंग वाकून काडी उचलली, कारण तुकडी थांबून होती, अन् मिरवणूक कोणासाठी थांबत नाही. कारनेटशिवाय वाजवली त्यानं. उलटा चालत गेला वेशीपर्यंत, साऱ्या गावाकडे तोंड करून, अन् गावाची त्याच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती.

पातूरवाल्यायनं नारळ परत पाठवला. वामन अकोल्याले गेला, तथी कापसाच्या एका जिनात सरकी भरते म्हणे. नाव घेतलं एकदा, आता काय लपवायचं, वामनच म्हणतो. शालूले मंग मोर्शीचा बिजवर मिळाला. माणूस बरा आहे, संत्र्याची बाग आहे. शालू येते, बसते, पण गुणगुणत नाही. तिच्या वरातीत महादेव उलटा चालला, तिच्याकडे पाहत, पूर्ण रस्ता. माह्याकडे नाही.

तेव्हापासून तो माह्याशी बोलला नाही. एका अंगणात राहतो आमी. भाकर ठेवली तर खाते, पाणी दिलं तर पिते. पण बोलत नाही, अन् मले हाक तर नाहीच. गावात कोणाची मिरवणूक असो, गणपतीची का पुढाऱ्याची, मी भाजी सोडून जातो अन् बँडच्या मागं पहिल्या रांगेत चालतो. त्याले तोंड इकडेच करावं लागते ना. पाहत नाही, डोक्यावरून पाहते. पण मी तिथंच असतो.

मले केल्याचा पस्तावा नाही, लिहून घ्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ते नाव घेईन, अन् मोठ्यानं घेईन. सत्काराले येईन, हारही मीच करीन. माहं नाव भाषणात नोको.

आता उठा. नाही, थांबा जरासे. ते सुरवातीचं मागून पाहू म्हटलं होतं ना. खरं सांगा, तुमाले मारुतीची आण आहे. तो कुठं होता, मळ्यात? हातात काय होतं? अन् तुमी विचारलं तेव्हा नेमकं काय म्हणाला? "घरी विचारा" म्हणाला? का "तिले विचारा"? का खरंच, त्याच्या तोंडानं, "वैनीले विचारा" म्हणाला?

वैनी म्हणाला?